पहिला ग्राहक : रोजगारनिर्मिती आणि धम्मसमाज यांचा ऐतिहासिक विचार

१. बोदवडचा कापूस

जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील बोदवड हे गाव कापसाची आणि धान्याची जुनी बाजारपेठ म्हणून खानदेशात सर्वपरिचित आहे. तालुक्याचे ठिकाण म्हणून त्याला १९९९ साली मान्यता मिळाली. त्याचे व्यापारी महत्त्व मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडमधील गिरण्यांना होणारा कापसाचा पुरवठा आटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून पूर्वेकडे वळला व १८६७ साली नागपूरला जाऊन पोहोचला. या मार्गावरच्या गावांतला कापूस मुंबई बंदराच्या आवाक्यात आला. बोदवड हे त्यांपैकीच एक गाव होय.

कापसाचा प्रवास समजून घेतल्याशिवाय रोजगाराचा प्रश्न समजत नाही. शेतात वेचलेल्या १०० किलो कापसातून जिनिंगमध्ये सुमारे ३३ ते ३५ किलो रुई निघते, उरलेला बहुतेक भाग सरकीचा असतो. रुई दाबून १७० किलोची एक गाठ बांधतात. म्हणजे साधारणतः ५ क्विंटल कापूस खर्ची पडला की एक गाठ तयार होते. येथवरचे काम कापूस पिकतो त्या प्रदेशात होते. पुढचे सूत, सुतापासून कापड, कापडाची रंगणी आणि अखेरीस शिवण ही कामे बहुतांशी अन्यत्र होतात. मालाची किंमत खऱ्या अर्थाने वाढते ती या पुढच्या टप्प्यांवर, आणि कुशल रोजगारही तेथेच निर्माण होतो. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल या गिरण्यांनी एके काळी हे काम खानदेशातच ठेवले होते. त्या गिरण्या बंद पडल्या आणि कापसाच्या मागोमाग माणसेही सुरतेच्या व मुंबईच्या वाटेला लागली.

या साखळीत दलित-शोषित समाजाचे हात कोठे होते, या प्रश्नाचे उत्तर कटू आहे. वेचणी, ओझी आणि हमाली त्यांच्या वाट्याला आली. जमीन, यंत्र, गोदाम आणि दुकान यांची मालकी दुसऱ्यांकडे राहिली. आपल्या चळवळीचा इतिहास लिहिताना आम्ही शिक्षण, राजकीय हक्क आणि धम्मदीक्षा यांचा विचार विस्ताराने करतो, आणि तो योग्यच आहे. परंतु वंचितांना काम देणारे उद्योग आपल्यातून कसे उभे राहिले, कोठे अडले आणि कोणाच्या आधाराने टिकले, हा इतिहास अद्याप उपेक्षित आहे. प्रस्तुत लेखात त्याच अंगाचा विचार करावयाचा आहे.

२. विणकाम खात्याचे बंद दार

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते. मात्र विणकाम खाते त्यांना बंद होते. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे; ज्या सुताला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपण तोंड कसे लावावे, असा सवर्ण कामगारांचा आक्षेप होता. गिरणीत विणकाम हे अधिक मजुरीचे खाते होते, हे येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. विटाळाची कल्पना पाणवठ्यावर आणि मंदिराच्या दारात जशी उभी होती, तशीच ती यंत्राच्या शेजारीही उभी होती, आणि तेथे तिची किंमत दर महिन्याच्या पगारातून वसूल होत होती. १९२८ च्या प्रचंड गिरणी संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दार उघडण्याची मागणी कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली, ती याच कारणाने.

यातील विसंगती अशी की, विणकाम ही आपल्या पूर्वजांना परकी कला नव्हती. विदर्भातील कित्येक महार कुटुंबे जाडेभरडे कापड विणून उदरनिर्वाह करीत होती. गिरणीच्या स्वस्त कापडाने त्यांचे हातमाग बंद पाडले. म्हणजे ज्यांच्या बोटांना विणण्याची सवय होती, त्यांचा माग एका बाजूने गेला आणि दुसऱ्या बाजूने नव्या मागाजवळ त्यांना उभे राहू दिले गेले नाही. या अनुभवावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आमचा समाज उद्योगात मागे राहिला तो कौशल्याच्या अभावामुळे, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. कौशल्य आणि बाजार यांच्यामध्ये जात उभी होती.

३. त्रिरश्मीच्या शिलालेखातील विणकर

या भिंतीला सनातन मानणाऱ्यांनी खानदेशच्या शेजारीच, नाशिकच्या त्रिरश्मी बुद्धलेण्यांत जाऊन तेथील शिलालेख पाहावा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तेथे एक लेणे भिक्खुसंघाला अर्पण केले. त्या लेण्यातील शिलालेखात वर्ष ४२ असा उल्लेख असून, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा तो मानला जातो. उषवदाताने ३,००० कार्षापणांचा कायमनिधी गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवला. या दोन्ही श्रेणी विणकरांच्या होत्या. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा दर शेकडा १ या व्याजाने, आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दर शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले गेले. मूळ रक्कम परत मागावयाची नव्हती. केवळ व्याज घ्यावयाचे होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावे, अशी व्यवस्था होती. २,००० चे वार्षिक व्याज २४० होते आणि २० भिक्खूंचे चीवरमूल्यही २४० च होते. हिशेब असा तंतोतंत बसविलेला आहे. शिवाय हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदविल्याचेही लेखात नमूद आहे.

हा शिलालेख आम्ही दानाचा पुरावा म्हणून वाचीत आलो. तो अर्थव्यवहाराचा पुरावा म्हणूनही वाचला पाहिजे. संघाच्या नावे ठेवलेली रक्कम तिजोरीत पडून राहिली नाही. ती विणकरांच्या हाती भांडवल म्हणून गेली, तिच्यावर माग चालले आणि त्या मागांच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवराची सोय झाली. राजघराण्यातील पुरुषाने विणकरांच्या संघटनेवर कायमनिधीचा विश्वास टाकला. अठरा शतकांनंतर त्याच महाराष्ट्रात विणकाम खात्याचे दार जातीवरून बंद व्हावे, ही आपल्या इतिहासाची अधोगती होय.

खानदेशाच्या दक्षिण सीमेवर अजिंठ्याची डोंगररांग आहे. तेथील अजिंठा आणि पितळखोरे ही लेणीही समाजातील कारागीर व व्यापारी यांच्या दानाविना उभी राहिली नसती. पितळखोऱ्याच्या दात्यांत प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा, एक गंधिक आहे. तथागतांना बोधिप्राप्तीनंतर प्रथम शरण गेलेले उपासक तपुस्स आणि भल्लिक हेही व्यापारीच होते. उद्योग आणि धम्म हे परस्परांना परके नाहीत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

४. सल्ला चांगला, पण सल्लागार कोण?

आता आधुनिक काळाकडे वळू. १९१७ साली परदेशातून परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात जो अनुभव आला तो सर्वांना ज्ञात आहे. त्यानंतर मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारासंबंधी सल्ला देणारी एक लहानशी पेढी काढली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा सखोल अभ्यास केलेला हा तरुण त्या व्यवसायाला सर्वथा योग्य होता. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली व पेढी बंद करावी लागली. येथे ज्ञानाची वाण नव्हती. पेढीला गिऱ्हाईक मिळाले नाही, एवढेच तिच्या बंद पडण्याचे कारण.

याच्या उलट उदाहरण कोल्हापुरात घडले. राजर्षी शाहू महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी अपराध्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र व्यवसाय करण्यास सांगितले. भाऊसिंगजी रस्त्यावर गंगारामांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे दुकान थाटले. दुकान स्वच्छ होते, चहा चांगला होता, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः फेरफटक्याला निघाले की गाडी त्या दुकानापाशी थांबवू लागले. ते स्वतः चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही देववीत. राजा जो चहा पितो तो नाकारणे मग कोणाला जड गेले नसते तरच नवल.

या प्रसंगाचे स्मरण आपण महाराजांच्या उदारतेचा दाखला म्हणून करतो. त्यात अर्थशास्त्राचाही एक धडा आहे. महाराजांनी गंगारामांना केवळ पैसे देऊन सोडून दिले असते, तर ते दुकान बाबासाहेबांच्या पेढीच्या वाटेने गेले असते. महाराज त्या दुकानाचे पहिले ग्राहक झाले. बहिष्कृताच्या उद्योगाला भांडवल लागते, कौशल्य लागते; परंतु त्याहून दुर्मीळ असतो तो पहिला ग्राहक, जो जात न विचारता माल घेतो आणि आपल्या पाठोपाठ इतरांना वाट मोकळी करून देतो. आमच्या मते वंचितांच्या उद्योगाच्या इतिहासातील हे मध्यवर्ती सूत्र आहे.

हे सूत्र आपल्या चळवळीतही दिसते. २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेले ‘जनता’ आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ हे रूप, यांना बाजारातील जाहिरातदारांनी जगविले नाही. गिरणी कामगार, रेल्वे कामगार आणि खेड्यातील कार्यकर्ते हे त्यांचे ग्राहक होते. पुढे दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पुस्तकांची जी प्रचंड विक्री होऊ लागली, तिच्या बळावर कित्येक लहान प्रकाशक, मुद्रक आणि विक्रेते उभे राहिले. मूर्तिकार व गायक यांचीही गोष्ट तीच. समाजाने ग्राहक होण्याचे ठरविले त्या क्षेत्रात उद्योग टिकले. हे आम्ही भावनेने घडविले, योजनेने घडविले नाही. म्हणून ते पुस्तके, मूर्ती आणि गीते यांपुरतेच राहिले.

५. मनमाडची भूमिका आणि एक आक्षेप

येथे एक गंभीर आक्षेप येऊ शकतो व त्याला बगल देणे योग्य होणार नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. भुसावळहून बोदवडकडे जाणारा लोहमार्ग ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचे हे कामगार होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, अशी भूमिका बाबासाहेबांनी तेथे निःसंदिग्धपणे मांडली. अस्पृश्य कामगाराला आयुष्यभर गँगमन म्हणून राहावे लागते, स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागत असल्यामुळे त्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, हे त्यांनी उदाहरणांनी दाखविले. पुढे १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. मग बाबासाहेबांच्या अनुयायांनी उद्योजकतेचा गौरव करावा, हे सुसंगत कसे?

आमचे उत्तर असे की, मनमाडच्या भाषणातील दोन शत्रू एकत्र वाचले पाहिजेत. भांडवल वाईट म्हणून बाबासाहेबांनी दारिद्र्याची पूजा केली नाही. १९१८ च्या आपल्या शेतीविषयक निबंधात त्यांनी सांगितले होते की, भारतीय शेतीचे दुखणे हे केवळ लहान तुकड्यांचे नाही. शेतीवर लादलेली अतिरिक्त माणसे हे तिचे मूळ दुखणे आहे, आणि त्यावर औद्योगिकीकरण हाच उपाय आहे. महारवतनाविरुद्ध १९२८ साली त्यांनी विधेयक आणले, कारण वतन हे नाममात्र मोबदल्यावर साऱ्या जातीचे श्रम बांधून ठेवणारे साधन होते. ते वतन प्रत्यक्षात कायद्याने नष्ट व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. श्रमाची मोकळीक, उद्योगांची वाढ आणि त्या उद्योगांत कामगाराचे हक्क ही त्यांच्या विचाराची तीन अंगे आहेत. उद्योग उभा करून त्यात वेठबिगारी चालविणारा आपला माणूस मनमाडच्या कसोटीवर इतर मालकांइतकाच दोषी ठरेल. तो आपला आहे म्हणून ती कसोटी सैल करता येणार नाही.

सामूहिक मालकीची वाटही आपल्या इतिहासात दिसते. कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांनी विडी कामगारांची ठेकेदारांकडून होणारी पिळवणूक थांबविण्यासाठी त्यांना सहकारी तत्त्वावर संघटित करण्याचा उपक्रम केला. ठेकेदार विडीच्या जुड्या खराब म्हणून बाजूला काढतो आणि मजुरी कापतो, ही विडी धंद्यातील जुनी रीत आहे. जेथे वळणारा हात आणि विकणारा हात एकच होतो तेथे ही लूट थांबते. तंबाखूच्या धंद्याविषयी आज आपले मत वेगळे असू शकेल. संघटनेचे तत्त्व मात्र त्यामुळे उणे होत नाही.

६. कंत्राटाच्या यादीपासून आजवर

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य असताना, बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन व्हाइसरॉयला सादर केले. त्यातील शिक्षण आणि नोकऱ्या यांविषयीच्या मागण्या प्रसिद्ध आहेत. परंतु त्याच निवेदनात सरकारी बांधकामाच्या कंत्राटांचाही प्रश्न आहे. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटदारांच्या लांबलचक यादीत अनुसूचित जातींचे अस्तित्व जवळजवळ नाही, हे त्यांनी सरकारच्या निदर्शनास आणले. सरकार हा देशातील सर्वांत मोठा ग्राहक आहे व तो तरी जात पाहून खरेदी करणार नाही, अशी अपेक्षा बाळगणे हा नागरिकाचा हक्क आहे, हे त्या मागणीचे तात्पर्य होय.

या मागणीचा विचार राष्ट्रीय धोरणात उतरावयास सात दशके लागली. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे सार्वजनिक खरेदी धोरण १ एप्रिल २०१२ पासून लागू झाले. त्यात केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावी, आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून करावी असे ठरले. २०१८ साली २० टक्क्यांचे प्रमाण २५ वर गेले व महिलांसाठी ३ टक्के ठरले. ४ टक्के मात्र कायम राहिले. नियम कागदावर येणे आणि खरेदी प्रत्यक्ष होणे यांतील अंतर सर्वांना माहीत आहे. तरीही ‘ग्राहक’ हा शब्द धोरणात आला, हे महत्त्वाचे आहे.

भांडवलाच्या बाजूने काही संस्था पूर्वीच उभ्या होत्या. महाराष्ट्रात १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ, तर केंद्रात १९८९ साली अनुसूचित जातींसाठी राष्ट्रीय वित्त व विकास महामंडळ स्थापन झाले. बौद्धांच्या बाबतीत मात्र एक विशेष अन्याय झाला. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्र सरकारने त्यांना अनुसूचित जातींच्या सवलतींपासून दूर ठेवले. १९९० च्या दुरुस्तीने तो अन्याय दूर झाला. आणि लगेच १९९१ पासून नव्या आर्थिक धोरणाने सरकारी नोकऱ्यांचा विस्तारच रोखला. भुसावळची रेल्वे, वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना, दीपनगरचे वीजकेंद्र यांनी बोदवड-भुसावळ परिसरातील एका पिढीला स्थिर पगार दिला. पुढच्या पिढीपुढे त्याच दारांवर कंत्राटी काम उभे राहिले.

या पार्श्वभूमीवर २००५ साली मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था स्थापन केली. बोदवडमधून जाणाऱ्या लोहमार्गावरच्या अकोला जिल्ह्यातील कल्पना सरोज यांचे जीवन या काळाचे बोलके उदाहरण आहे. बालविवाहाचे चटके सोसून त्या मुंबईत आल्या, होजिअरीत व शिवणकामात त्यांनी मजुरी केली. पुढे कमानी ट्यूब्स ही डबघाईस आलेली कंपनी त्यांनी हाती घेतली. ही कंपनी न्यायालयाच्या आदेशाने काही काळ कामगारांच्याच मालकीची होती. कर्जे आणि अंतर्गत तंटे यांनी ती बुडत चालली होती. २००६ साली सरोज यांच्याकडे तिची सूत्रे आली आणि कामगारांची थकलेली देणी चुकती झाली. मिलिंद कांबळे आणि कल्पना सरोज या दोघांनाही २०१३ साली पद्मश्री मिळाली. सांगली जिल्ह्यातील पेड गावचे अशोक खाडे यांचे वडील चर्मकार होते. माझगाव डॉकमध्ये काम शिकून त्यांनी समुद्रातील तेलविहिरींच्या बांधकामाची कंपनी काढली व ती हजारो लोकांना रोजगार देणारी ठरली.

या उदाहरणांत एक समान धागा आहे. तांब्याची नळी किंवा तेलविहिरीचा पोलादी सांगाडा विकत घेणारा ग्राहक नळीची जाडी मोजतो, सांगाड्याचे सांधे तपासतो. बनविणाऱ्याची जात त्या मापात येत नाही. याउलट चहा, खानावळ, किराणा, दूध हे कमी भांडवलाचे, खेड्यात सहज सुरू होण्यासारखे धंदे. पण त्यांत ग्राहक प्रथम हात पाहतो. म्हणून मोठ्या शहरातील यशाची कथा बोदवडच्या तरुणाला जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. २०१६ साली सुरू झालेल्या स्टँड-अप इंडिया योजनेने १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची तरतूद केली. कर्ज मिळाल्याने ग्राहक मिळतोच असे नाही, हे गंगाराम कांबळे यांच्या दुकानाने शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते.

७. धम्माची कसोटी

उद्योग कोणता करावा व तो कसा चालवावा, याविषयी तथागतांची देशना स्पष्ट आहे. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे वणिज्जा सुत्तात सांगितले आहे. कोलियपुत्र दीघजाणूला केलेल्या उपदेशात उद्यमशीलता, मिळविलेल्या धनाचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि उत्पन्नाच्या मर्यादेत राहणे ही ऐहिक सुखाची चार साधने सांगितली आहेत. सिगालोवाद सुत्तानुसार उत्पन्नाचे चार भाग करावेत. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायात आणि चौथा आपत्काळासाठी. अर्धे उत्पन्न पुन्हा व्यवसायात घालण्याचा हा उपदेश अडीच हजार वर्षांनंतरही व्यावहारिक आहे.

त्याच सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये येतात. सेवकाच्या शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, विशेष पदार्थांत वाटा देणे आणि वेळेवर विश्रांती देणे. आजच्या भाषेत हे कामाचे तास, किमान वेतन, वैद्यकीय मदत, नफ्यातील हिस्सा आणि रजा यांचे धोरण होय. कूटदन्त सुत्तात राज्यातील चोऱ्यामाऱ्या थांबविण्याचा उपाय म्हणून शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन देण्याचा सल्ला आहे. दंडाने गुन्हा थांबत नाही, उपजीविकेने थांबतो, असे हे प्रतिपादन आहे.

तेव्हा एखादा उद्योग धम्मसंमत आहे की नाही हे ठरविताना मालकाची संपत्ती पाहून भागणार नाही. तो किती माणसांना काम देतो, त्यांत स्त्रिया किती आणि कोणत्या जागांवर आहेत, मजुरी वेळेवर मिळते काय, आणि सर्व जातींच्या वंचितांना दार उघडे आहे काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. आपल्यातील एखादा कोट्यधीश झाला, याचा आनंद मानण्यास हरकत नाही. पण तो समाजाच्या मुक्तीचा पुरावा नव्हे.

८. पांढरे वस्त्र

अखेरीस पुन्हा बोदवडच्या कापसाकडे येऊ. बौद्ध समाजाचे पांढऱ्या वस्त्राशी जे नाते आहे, ते इतरांना क्वचितच ठाऊक असेल. धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, विवाह, नामकरण, पुण्यानुमोदन या सर्व प्रसंगी पांढरी साडी, पांढरा सदरा, पांढरे वंदनावस्त्र लागते. खेड्यातील गरिबातील गरीब कुटुंबही ते वर्षातून एकदा तरी विकत घेते. त्यावर खर्च होणाऱ्या पैशाचा कोणी हिशेब मांडलेला नाही. पण तो खर्च नियमित आहे, निश्चित आहे आणि वर्षातील ठरावीक दिवसांशी बांधलेला आहे. कोणत्याही उद्योजकाला यापेक्षा खात्रीचा ग्राहक मिळणे कठीण.

हे वस्त्र आज येते कोठून? आपण ते बाजारातून घेतो आणि त्याच्या मागचा माग, शिवण्याचे यंत्र व मजूर यांचा विचार करीत नाही. बोदवडच्या शेतात कापूस वेचणारी स्त्री आपल्याच कापसाचे वस्त्र चार मध्यस्थांच्या हातून, चौपट किमतीला परत घेते. यात अपरिहार्य असे काहीही नाही. गिरणी उभारणे आज लहान गावाच्या आवाक्यात नाही, हे खरे. परंतु कापड घाऊक भावाने आणून ते शिवण्याचे केंद्र थोड्या भांडवलात उभे राहू शकते. त्यात वेचणीचा हंगाम संपल्यावर रिकाम्या बसणाऱ्या स्त्रियांना काम मिळू शकते. शाळांचे गणवेश, रुग्णालयांच्या चादरी हे त्याचे पुढचे ग्राहक होऊ शकतात, आणि सार्वजनिक खरेदीच्या ४ टक्क्यांचा दरवाजा ठोठावण्यास त्याला आधार मिळतो.

अशा केंद्राला पहिला ग्राहक हवा असतो आणि तो होणे विहारांना शक्य आहे. गावोगावच्या विहार समित्यांनी वर्षारंभी आपली वस्त्रांची मागणी एकत्र नोंदवावी, आगाऊ काही रक्कम द्यावी, दर आणि मजुरी उघडपणे फलकावर लावावी. काही विहारांकडे ठेवीच्या रूपाने पडून असलेला निधी, कायदा आणि हिशेब सांभाळून, अशा सहकारी केंद्रासाठी वापरता येईल काय, याचाही विचार व्हावा. निगमसभेत व्यवहार जाहीर करून नोंदविण्याची त्रिरश्मीची प्रथा येथे मार्गदर्शक ठरावी, कारण सार्वजनिक पैशाचे उद्योग बहुधा बुडतात ते हिशेब अंधारात राहिल्यामुळे. माल सुमार असतानाही केवळ आपला म्हणून घेत राहणे हेही हितावह नाही. पहिला ग्राहक हा कठोर ग्राहकही असला पाहिजे, नाही तर दुसरा ग्राहक येणार नाही. शाहू महाराजांनी दुकानापुढे गाडी थांबविली, तरी दुकान टिकले ते गंगारामांच्या कष्टाने.

त्रिरश्मीच्या डोंगरात कोरलेला हिशेब अजून वाचता येतो. संघाच्या निधीने विणकरांचे माग चालले, आणि मागांच्या उत्पन्नाने भिक्खूंच्या अंगावर चीवर आले. बोदवडच्या शेतात कापूस आहे, वस्तीत काम मागणारे हात आहेत आणि विहारात पांढऱ्या वस्त्राची गरज आहे. या तिहींची गाठ घालून देण्याचे काम कोणत्याही सरकारी आदेशाची वाट न पाहता विहार समितीच्या पुढच्या बैठकीत सुरू करता येईल.